दाजीसाहेबांची मांडी कोणी मोडली

मंडळी,

एवढ्या उन्हात तुम्ही सगळे दाजीसाहेबांसाठी जमलात. व्याह्यांनी दोन शब्द बोलावेत असं पुकारलं, म्हणून उभा राहिलो. आधीच्या मंडळींनी त्यांची थोरवी सांगितली, ती खरी आहे. देवळाचा ओटा त्यांनी बांधला. कौन्सिलचे मेंबर म्हणून पिंपळगावात शाळा आणली. मी रोज पोथी वाचणारा माणूस. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही शिकवलेलं आहे. आज मी ते पाळणार नाही.

दाजीसाहेब कसे गेले? न्हाणीत पाय सरकला, एवढंच. मांडी मोडली, अंथरूण धरलं आणि गेले. तेव्हा माझी सुभद्रा, त्यांची सून, सोनाळ्याला माझ्या घरी होती. तीन वर्षांपासून तिथेच आहे. मग मंडळी, मांडी कोणी मोडली?

उगीच विचारत नाही. याच ओसरीवर हाच प्रश्न तिला विचारला होता. तिचा मुकुंदा तेव्हा दोन वर्षांचा. आधी त्याचा हात मोडला, मग पाय. दाजीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "व्याही, तुमची पोरगी लेकराले पिळते. आमच्या घराण्याचं हाड लोखंडावानी हाय!"

सुभद्रा रडत म्हणाली, "बाबा, मले तर त्याले हात लावाचाबी भेव वाटते."

पंचांनी तिला महादेवापुढे बेलभंडार उचलायला लावला. मी लेकराला दुखवलं नाही, अशी तिने शपथ घेतली. चौथ्या दिवशी ती लंगोट बदलत असताना पोराची मांडी मोडली. देवानेच तिला खोटं पाडलं, असं सगळे म्हणाले.

मीही म्हणालो. मंडळी, मीही म्हणालो. तिला माहेरी नेताना वाटेत विचारलं, "खरं सांग, काऊन केलं असं?" त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. मुकुंदा इथेच राहिला.

गेल्या साली डोळे दाखवायला मी अकोल्याला गेलो. डॉक्टर नागपूरला शिकलेले. बोलता बोलता त्यांना ही हकीकत सांगितली. त्यांनी उलट मलाच विचारलं, "मुलाच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे का? घराण्यात कोणी लवकर बहिरं झालं?"

दोन्हीला मी हो म्हणालो.

ते म्हणाले, हाडात नुसता चुना नसतो. त्या चुन्याला धरून ठेवणारा सरसासारखा चिवट पदार्थ असतो, कोलॅजन. काही घराण्यांत तो जन्मापासूनच कच्चा उतरतो. आई कापसात गुंडाळून ठेवील, तरी हाड मोडेल.

मी तसाच इथे आलो. दाजीसाहेब चाळिशीतच बहिरे झालेले. कानाशी ओरडून सगळं सांगितलं. गल्लीने ऐकलं. ते म्हणाले, "काय म्हणता? आइकू नाही येत." पुन्हा ओरडलो. म्हणाले, "हाव, हाव. चहा घ्या."

तो चहा मी घेतला नाही.

तेव्हापासून रोज पूजेनंतर देवाकडे एकच मागत आलो. या माणसाला सगळ्या गावासमोर हे ऐकावं लागू दे. देवाने ते दिलं नाही. म्हणून तुम्हाला ऐकवतो. दाजीसाहेबांचे डोळे आठवा. दौतीतला थेंब दुधात पडावा, तसे होते की नाही? आणि जावईबापू, वसंतराव, मान खाली घालू नका. लोकांना तुमचेही डोळे बघू द्या.

बघितलेत? माझ्या लेकीचे काळे-पांढरे स्वच्छ आहेत.

पंच मंडळी, तिची शपथ खरी होती. देवाने तिला खोटं पाडलं नव्हतं. आपण पाडलं.

आता दाजीसाहेबांसाठी दोन मिनिटं उभे राहू. या दोन मिनिटांत कोणी बोलायचं नसतं. कोणी जागचं हलायचं नसतं. पंचांनीही नाही, वसंतरावांनीही नाही. जो हलेल, तो दाजीसाहेबांचा अपमान करील.

सुभद्रा फाटकाबाहेर बैलांच्या दमणीत बसली आहे. दमणीत कापसाची जाड गादी घातली आहे. एवढ्या वेळात ती तुमच्यामधून चालत आत जाईल आणि आपल्या लेकराला घेऊन बाहेर येईल.

उभे राहा, मंडळी.

ये, पोरी.