कापडाखालची गाडी

मंडळी, ऐका! रूप कशात असतं? अंगावर चढवतो त्यात, की अंग मुळात कसं उभं आहे त्यात? मागं बसलेल्या वहिनी हळूच बांगड्या बघतायत. बघू द्या! आज आख्यान आहे मोटारीचं. हसू नका, बुवा बिघडले नाहीत. देव सगळीकडे आहे म्हणता ना? मग गाडीच्या चाकापाशी काय अडतं त्याचं?

तर चाकणला एक कारखाना. तिथं शाल्मली बोरगावकर गाड्यांची रूपं घडवायची. आधी मातीत — हो, खऱ्या गाडीएवढी मातीची गाडी! मालकांना हवी होती श्रीमंती थाटाची, वेगवान गाडी. ते म्हणाले होते, "मनात भरली नाही, तर हे काम बंद." आणि शाल्मलीनं लहानपणापासून अशाच गाडीचं स्वप्न पाहिलेलं.

मग बाईनं काय केलं? नटवली! दारावरून एक धारदार रेघ ओढली. लोक वाहवा म्हणाले. पुढं चकचकीत पट्टी लावली. तरी काहीतरी खटकायचंच — मग आणखी एक रेघ! भाजी बिघडली की आपण मसाला घालत सुटतो, तसं.

मालक यायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे गाडीवर पातळ पांढरं कापड घातलं. शाल्मली थबकली. रेघा बुडाल्या, पट्ट्या बुडाल्या, उरला नुसता बांधा. आणि बांधा कसा? नाक चाकाच्या पुढं लोंबतंय, टप उंच! वेगवान कसली, ओणवी झालेली गाडी. तिला रडूच आलं.

शेजारी इंजिनाचे जाणकार पाटसकर उभे होते. ती म्हणाली, "सर, पुढचं चाक आणखी पुढं हवं. दारापासून लांब."

"मग इंजिनाची सगळी मांडणी बदलेल, शाल्मली. आणि मालक गेटपाशी आलेत."

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा! देवाचं नाव घेऊन कापड ओढलं असतं!

ती दारात गेली. "साहेब, कापड काढू नका. गाडी चुकली आहे. मला थोडी मुदत द्या."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. "पुढच्या वेळी हे ऐकणार नाही," म्हणाले आणि परत फिरले.

पाटसकर कुरकुरत कामाला लागले. चाक पुढं सरकलं, नाक आखडलं, बॉनेट लांब झालं. टप खाली आला, बसायची जागा मागच्या चाकांकडे गेली. आणि ती वाहवा मिळवलेली रेघ? शाल्मलीनं स्वतःच्या हातानं पुसली. काय गाडी दिसली म्हणता! जागच्या जागी उभी, तरी निघालेली!

पुन्हा कापड घातलं. मालक आले, त्यांनी भोवती एक फेरी मारली. पाटसकरांनी कापडाला हात घातला, तसे म्हणाले, "राहू द्या. दिसली मला."

मंडळी, आपण काय काय चढवतो! पदव्या, शाली, फ्लेक्सवरचे फोटो — आणि बुवांचं हे भरजरी उपरणं, तेही आलंच. पण एक दिवस तुमच्यामाझ्या अंगावरही पांढरं कापड पडणार. सगळ्या रेघा बुडणार. तेव्हा भोवतीची माणसं म्हणतील का, राहू द्या, दिसला आम्हाला? अजून सगळं मातीतच आहे. चाक सरकवता येतं. घ्या टाळ हातात.