बर्फावरची रांगोळी

तुम्ही हसाल, पण ऑस्ट्रियात लेकीकडे जाताना मी कसब्यातून रांगोळीचा डबा नेला होता. तिचं घर डोंगरात, आणि यंदा दार उघडलं की समोर कमरेएवढा बर्फ. मी उंबऱ्यापुढे हातभर जागा थापटली आणि रांगोळी काढली.

लेक म्हणाली, "आई, पांढऱ्यावर पांढरी. दिसणार कुणाला?"

मी तीत हळद मिसळली. दुसऱ्या दिवशी सगळं गाडलेलं. मी पुन्हा काढली, बर्फाने पुन्हा गाडली.

चौथ्या दिवशी शेजारचे आजोबा फावडं घेऊन आले. स्वतःचं दार सोडून त्यांनी आधी माझ्या रांगोळीची जागा मोकळी केली.

लेक खिडकीतून म्हणाली, "आई, परत पडायला लागलाय."

म्हटलं, "पडू दे. माझा डबा अजून अर्धा भरलेला आहे."