घर होईल असा बर्फ

बर्फाला शंभर शब्द? कोण म्हणालं शंभर? — नाही, हसत नाहीये मी. तुमच्या आधी आलेली बाईही शंभरच म्हणाली होती. बसा ना. आजोबा घरात नाहीयेत, दवाखान्यात गेलेत. माझ्या मावसबहिणीला पहाटे मुलगा झाला — खरं तर तिला विमानानं मोठ्या गावी न्यायचं होतं, पण वाऱ्यामुळे विमानच आलं नाही, मग इथेच झाला — आणि आजोबा त्याचं नाव ठेवायला गेलेत. मी नाही गेले. कुठलं नाव ठेवतात ते कळल्याशिवाय मला जायचं नाहीये. ते एवढ्यात येतील, पण तुमच्याशी बोलणार नाहीत, आधीच सांगून ठेवते. आणि मी आता दुभाषाचं काम करत नाही. शाळेतून माझं नाव दिलं असेल तर त्यांना कुणी सांगितलं नसेल.

शब्दच हवेत ना? घ्या लिहून. पडत असतो तो कानिक. पडून जमिनीवर राहिला की अपुती. थराच्या तळाशी साखरेसारखा सुटा होतो तो पुकाक — त्याचं काही म्हणजे काही उभं राहत नाही. झालं, एवढे बालवाडीच्या भिंतीवरही लिहिलेत, त्यासाठी दोन विमानं बदलून यायची गरज नव्हती. आणि ज्याचं घर बांधतात तो — तो राहू दे. — हो, आहे त्याला शब्द. इल्लुक्साक. तुमच्याकडे असेलच तो लिहिलेला. इल्लू म्हणजे घर. आणि मागचं जे शेपूट आहे ना, ते कशालाही जोडता येतं — अजून झालेलं नाही, पण होईल, असं. अंगरख्यासाठी आणलेलं कापड असतं, त्याला ते शेपूट. लग्न ठरलेल्या मुलीचा होणारा नवरा, त्यालाही तेच. म्हणजे बघा, तो नुसता बर्फ नसतो, कुणीतरी आधी त्याच्याकडे बघून म्हणावं लागतं की याचं घर होईल. कुणीतरी ते ठरवावं लागतं. हे आजोबांनी सांगितलं होतं. लिनेटला सांगितलं होतं, मी फक्त इंग्रजीत केलं.

लिनेट म्हणजे ती बाई. तीन हिवाळे आली. पहिल्या वर्षी मी तेरा वर्षांची होते आणि वर्गात मला कुणी काही विचारलं तर मान लाल व्हायची माझी, आत्ताही होते, तुम्ही बघितलीत मघाशी. लिनेट मात्र विचारून थांबायची. मी गप्प राहिले तरी ती थांबायची, घड्याळाकडे बघायची नाही. तिच्या खोलीवर कोको करून द्यायची, म्हणायची तुझं इंग्रजी किती नेटकं आहे. माझ्याशी एवढं कुणी — असो. मी तुम्हाला हे का सांगतेय? तुम्हीही थांबताय, म्हणून असेल.

माझं नाव उयाराक. आजोबांच्या थोरल्या भावाचं. तो विशीत गेला, आणि मी जन्मले तेव्हा आजोबांनी मला उचलून म्हटलं, दादा, आलास का. आमच्यात तसंच असतं — नाव आलं म्हणजे माणूस आला, नाती सगळी त्याच्याबरोबर येतात. तेव्हापासून मी दादा. आई मला ओरडली की आजोबा तिला सांगायचे, माझ्या दादाला बोलायचं काम नाही. आणि कुपाक आजी — ती उयाराकची बायको, म्हणजे माझीच की — ती दारातून हाक मारायची, अहो, आहात का घरात? सील मारलं की काळजाचा पहिला तुकडा मला. चार दिवस तिच्याकडे गेले नाही तर विचारायची, दुसरी बिसरी केलीत की काय? वर्गातल्या मुली चिडवायच्या, उयाराक, तुझी बायको आली बघ, चार दातांची. मला राग नाही यायचा. मला तर ते — चहा घ्या, गार होतोय.

तर त्या दिवशी लिनेटनं विचारलं, इल्लुक्साक ओळखायचा कसा. आजोबा म्हणाले, काठी खुपसायची. ती एकसारखी खाली गेली तर बर्फ एकाच वादळातला, त्याचे ठोकळे टिकतात. मध्येच सटकन घसरली तर आत दुसऱ्या वादळाचा थर आहे, भिंत फुटणार. मग लिनेटकडे बघायचं सोडून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, दादा, काठी घसरली होती. — मला आधी कळलंच नाही. ते बारा वर्षांचे होते, सर. दोघे भाऊ शिकारीला गेलेले, वादळ येत होतं, उयाराकनं काठी त्यांच्या हातात दिली, आज बर्फ तू निवड. काठी घसरली. त्यांना कळलं. पण बोटं बधिर झालेली, आणि आणखी हिंडायचं नव्हतं, आणि पहिल्यांदाच दादानं विचारलेलं — ते म्हणाले, चांगला आहे. उयाराकनं पुन्हा तपासला नाही. लहानग्यानं निवडलेला बर्फ त्याच्यासमोर पुन्हा तपासायचा नसतो, त्याची मान खाली जाते. मग भिंत फुटली, एकदा नाही, तीनदा. उयाराक बाहेर राहून भोकं बुजवत राहिला, तिथेच गोठून गेला, आणि आजोबा आत कातड्यांखाली. तळावर परतल्यावर लोकांनी विचारलं, बर्फ कुणी निवडला होता? ते रडत होते, बोलले नाहीत. लोक धरून चालले की थोरल्यानंच. साठ वर्षं गावात हेच — उयाराक माणूस चांगला होता, पण त्याला बर्फ कळत नव्हता. इथे असं म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही समजायचं. कुपाक आजीच्या मुलांना पुढे कुणी शिकारीवर पुढे चालू देत नसे.

आजोबा एवढं सगळं बोलले, आणि लिनेट तिथेच बसलेली. त्यांनी मला सांगितलं नव्हतं हो, त्यांच्या दादाला सांगितलं होतं. आणि मग विचारलं, रागावलास का? मी म्हटलं, नाही. दुसरं काय म्हणणार? त्यांनी माझा हात धरला आणि किती वेळ सोडलाच नाही.

आणि तिनं ते पुस्तकात छापलं. त्या शब्दाखाली, उदाहरण म्हणून. नावांसकट, कुपाक आजीच्या नावासकट. पुस्तक शाळेत आलं, पहिल्या पानावर माझ्यासाठी शाईनं लिहिलेलं — उयाराकला, प्रेमानं. आमच्या बाईंनी कौतुकानं वर्गात वाचायला घेतलं, आपल्या गावाचं पुस्तक म्हणून. कुपाक आजीचा नातू माझ्या मागच्या बाकावर बसतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. विश्वासघात म्हणतात ना, तो हा. माणसाच्या घरात बसून, त्याची भाकरी खाऊन, बोलणं टिपायचं यंत्र चालू ठेवून —

नाही. यंत्र चालू नव्हतं.

तिनं बंद केलं होतं. आजोबा माझ्याकडे वळले तेव्हाच. काय म्हणाले तेही विचारलं नाही तिनं, टोपी घालून बाहेर जाऊन उभी राहिली. मीच दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीवर गेले. तिनं कोको केला, आणि मी सांगितलं, सगळं, एकेक वाक्य जुळवून, शब्द चुकू नये म्हणून दोनदा. ती म्हणाली, हे आपल्या दोघींतच राहील. ती खोटं बोलली, हे खरंच आहे, पण मी — तुम्हाला वाटेल मी लहान होते. तसं नाही. मला वाटलं, ते माझं आहे. मरण माझं, मीच उयाराक, मग सांगायचा हक्क माझा नाही तर कुणाचा? खरंच असं वाटलं मला. एवढी मोठी गोष्ट माझी आहे आणि ती ऐकायला कुणीतरी आहे, एवढंच.

कुपाक आजी त्या संध्याकाळी आली. आजोबांकडे बघितलंही नाही. मला वाटलं रडेल. ती माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, “अहो, तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही त्या परक्या बाईला सांगितलंत. मला नाही.”

त्यानंतर ती मला काहीच म्हणत नाही. दुकानात दिसली तर दुसऱ्या फळीकडे वळते. आजोबा रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. ते आता मला मुली म्हणतात. मुली, पाणी आण. मुली, जेव. आई म्हणते, मुलगीच आहेस, त्यात वाईट काय. आणि एक नाव चार-पाच जणांना असतं, कुणाचं काही कमी होत नाही, असं सगळेच सांगतात. बरोबरच असेल. मी फक्त —

थांबा. तेच आलेत, अंगावरचा बर्फ झटकतायत. तुम्ही वही आत ठेवा. — हो आजोबा, शाळेतून आलेत. नाही, निघालेच आहेत.

दादा म्हणाले मला. ऐकलंत? तुम्हाला कळलं नसेल, पण दारातूनच दादा म्हणाले, किती महिन्यांनी — जरा थांबा, बोलतायत अजून.

हो. हो आजोबा, येते.

दादा आलाय, म्हणाले. साडेतीन किलोचा आहे, डोकं भरून केस आहेत. चल मुली, बघायला चल.

तुमचे बूट उजवीकडे आहेत. दार ओढून घ्या जाताना, वारा आत येतो.