सात पूर्ण व्हायला तीन महिने चार दिवस

दि. १४/०६/२०२५

मी आदिनाथ रामराव गाढे, वय २१ वर्षे (शाळेच्या दाखल्याप्रमाणे), शिक्षण बी.एस्सी. दुसरे वर्ष अर्धवट, व्यवसाय शेती, रा. शेतवस्ती, तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर वडील रामराव, बहीण वंदना व तिचा मुलगा सुमित ऊर्फ बबलू यांच्यासह राहतो. मेव्हणे वारल्यापासून ताई आमच्याकडेच आहे. दि. ०५/०६/२०२५ रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास वस्तीच्या रस्त्यावर काकासाहेब तौर यांच्या मोटारसायकलवर दगड मारल्याने मागे बसलेली त्यांची मुलगी तृप्ती, वय २०, हिचा उजवा डोळा गेला. तो दगड बबलूने जांभळं पाडताना मारला, असं वडिलांनी व मी त्याच दिवशी सांगितलं होतं.

शाळेच्या दाखल्यावर बबलूची जन्मतारीख ०१/०६/२०१८ आहे. म्हणजे घटनेच्या दिवशी तो सात वर्षे चार दिवसांचा होतो. हवालदार वडिलांना म्हणाले, "सात पूर्ण नसतील तर कायद्यात गुन्हाच होत नाही. पण सात झाले असतील, तर त्याला समज होती का ते बघावं लागंल. जालन्याला बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागंल." वडील म्हणाले, "साहेब, एक जून म्हंजे काय खरी तारीख हाय व्हय? आर्धं गाव एक जूनचं हाय." त्यावरून खरी तारीख सांगण्यासाठी मला आज बोलावलं.

बबलू दि. ०९/०९/२०१८ रोजी, पोळ्याच्या दिवशी, जन्मला. मी बैलांची शिंगं रंगवत असताना ताईच्या पोटात दुखायला लागलं. शेजाऱ्याच्या टेम्पोतून अंबडला निघालो. अर्ध्या वाटेतच बाळ झालं. ते आधी माझ्याच हातात आलं. माझ्या हाताचा तांबडा रंग त्याच्या कपाळाला लागला होता. जन्माची नोंद कोणी केली नाही.

जून २०२४ मध्ये त्याला शाळेत मीच नेलं. गुरुजींनी विचारलं, "कधीचा हाय रे?" मी म्हणालो, "पोळ्याचा." गुरुजी म्हणाले, "पोळा बसत नाही ह्या रकान्यात. सहा पूर्ण पाहिजेत. एक जून टाकू का?" मी म्हणालो, "टाका की. माझीबी तीच हाय."

तरी घटनेच्या दिवशी बबलूला सात पूर्ण व्हायला तीन महिने चार दिवस कमी होते. एवढं सांगून सही केली असती तर मला घरी जाता आलं असतं. वडील त्यासाठीच बाहेर बाकावर बसले आहेत.

पुढे विचारलं नसताना सांगतो की, तो दगड मी मारला.

तृप्तीला मी अकरावीपासून ओळखतो. एका बसने अंबडला कॉलेजला जायचो. तिचं कॉलेज बंद केल्यावर मीही जाणं सोडलं. याबाबत जास्त लिहू नये, अशी विनंती आहे. मे महिन्यात तिची सोयरीक जमली. तिने माझा नंबर बंद केला. दि. ०५ रोजी ती व काकासाहेब साखरपुड्याची साडी घेऊन येत होते. पिशवी तिच्या मांडीवर होती. माझं डोकं फिरलं. बबलूच्या हातातला दगड मी हिसकून घेतला. गाडीच्या दिव्यावर मारायचा होता. तिला मारायचा नव्हता.

काकासाहेब खाली पडल्यापडल्या ओरडले, "कोण हाय रे त्यो?" बबलूने तोवर दुसरा दगड उचलला होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. वडील धावत आले नि म्हणाले, "लेकरू हाय वो, जांभळं पाडून राह्यलं व्हतं." मी तेव्हाही बोललो नाही.

घरी वडिलांनी मला खरं विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "गप राह्य. लेकराला कायदा काय करत न्हाई." मंग काय बोलायचं ते बबलूला मीच शिकवलं. चुकला की पुन्हा म्हणून घेतलं. तीन दिवसांत त्याला पाठ झालं. ताईला यातलं काही माहीत नाही. ती त्याला जांभळाकडं जाऊ देत नाही.

तृप्तीने जबाबात "दगड कोणी मारला ते दिसलं नाही" असं सांगितल्याचं मला हवालदारांकडून कळलं. दगड सुटेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.

आज सकाळी इथं येताना बबलू गाडीवर माझ्यापुढं बसला होता. तो म्हणाला, "मामा, म्या दगड मारला तवा तू कुठं व्हतास?" मी म्हणालो, "तिथंच व्हतो की." तो म्हणाला, "मंग मला धरलं का न्हाईस?" मी गाडी बाजूला घेतली. तो खरंच विचारत होता. त्याला आता तसंच आठवतं.

सातच्या आतल्या लेकराला गुन्हेगार धरू नये हा कायदा बरोबर आहे. तो माझ्यासाठी केलेला नाही.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जबाब मराठीत संगणकावर लिहिला, मला वाचून दाखवला व मी स्वतःही वाचला. पान दोनवर सवयीने "बालकाने मारलेला दगड" असं टाईप झालं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "मी मारलेला" केलं आहे. त्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बराबर आहे.

(सही)
आदिनाथ रामराव गाढे