उत्तराची परवानगी

संगणकवाला: ...दोन हजार सहा साल उजाडलं, बाई, आणि साहेबांच्या चिटणीस अजून ईमेल छापून फाइलीला लावतात!

बाई: लावते. तुझं यंत्र झोपलं की माझ्याच फाइली धावून येतात. काय नवीन आणलंयस ते दाखव.

संगणकवाला: आपले निविदेचे दर बाहेर फुटले ना, म्हणून हे कुलूप. निरोप लिहिला की इथे खुणा करायच्या. मग समोरच्याला तो पुढे पाठवता येत नाही, छापता येत नाही, एक ओळसुद्धा उचलता येत नाही.

बाई: आणि तुला वाचता येतो?

संगणकवाला: मलाही नाही. ज्याला पाठवाल त्यालाच. वर मुदत घाला. आज संध्याकाळची घातलीत, तर उद्या त्यालाही उघडणार नाही.

बाई: म्हणजे मागे काही उरत नाही.

संगणकवाला: डोक्यात उरेल तेवढंच. चला, चाचणीचा एक निरोप पाठवा. साहेब दौऱ्यावर आहेत, तेव्हा नकाशा विभागाच्या प्रमुखांना. अजून त्या दोघांकडेच बसवलंय.

बाई: त्यांना नको.

संगणकवाला: का? खडूस आहेत, पण चावत नाहीत.

बाई: माझा सख्खा भाऊ आहे तो.

संगणकवाला: काय सांगता! तरीच म्हटलं, हे नाक कुठे पाहिलंय!

बाई: नाकाचं राहू दे. आई गेली तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मी साहेबांबरोबर परदेशी होते. ती आठवडाभर अंथरुणावर, आणि यानं मला कळवलं ते सगळं आटोपल्यावर.

संगणकवाला: विचारलं नाहीत त्यांना?

बाई: भांडले. विचारायचं होतं ते राहूनच गेलं. चिठ्ठी लिहावी, तर वहिनीच्या हाती पडायची आणि चार घरी फिरायची.

संगणकवाला: हा निरोप नाही फिरत, बाई. लिहा तुम्ही. मी खिडकीकडे तोंड करून बसतो.

बाई: ...बस तसाच. मागे वळलास तर बघ.

संगणकवाला: झालं का?

बाई: गेला.

संगणकवाला: बघू, खुणा बरोबर... अहो बाई! उत्तर द्यायचीही परवानगी काढून घेतलीत?

बाई: तूच म्हणालास, कुलूप. मी सगळंच बंद केलं.

संगणकवाला: पुढे पाठवणं बंद, उत्तर नव्हे! आता ते लिहिणार कुठे?

बाई: परत घेता येतो का रे?

संगणकवाला: पोच आली. उघडलाय त्यांनी.

बाई: अगं बाई.

दादा: येऊ का आत?

संगणकवाला: या साहेब. मी खालच्या तारा बघून येतो.

दादा: थांब. तूच बसवलंस ना हे? तीनदा लिहायला गेलो, एक अक्षर उमटेना. दोन जिने चढायला लावलेस.

बाई: फोन होता की.

दादा: तू ठेवून दिला असतास.

बाई: दिला असता.

दादा: तू विचारलंयस, आईनं शेवटी तुझं नाव घेतलं का. खोटं नाही सांगणार, छकुले. नाव नाही घेतलं.

बाई: हं.

दादा: पण जिन्यात पाऊल वाजलं की विचारायची, "आली का?" दूधवाला आला तरी.

बाई: आणि तरी तू मला बोलावलं नाहीस?

दादा: तीच म्हणाली, पोरीचा पहिलाच मोठा दौरा आहे, तिला सांगू नकोस. मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

बाई: ...उभा राहून बोलू नकोस. बस. चहा सांगते.

(पुष्कळ वर्षांनी, फोनवर.)

संगणकवाला: ओळखलंत का, बाई?

बाई: कुलूपवाला! केस आहेत का अजून?

संगणकवाला: कधीच गेले. आता माझी स्वतःची कंपनी आहे, पोरं कुलपं बसवतात आणि मी त्यांच्यावर ओरडतो. तुम्ही कशा आहात?

बाई: निवृत्त. वहिनी माझ्याकडेच राहते. सकाळी भांडतो, दुपारी पत्ते खेळतो.

संगणकवाला: आणि दादासाहेब?

बाई: गेला रे, गेल्या हिवाळ्यात.

संगणकवाला: अरेरे. मुलगी परदेशात ना त्यांची?

बाई: हो. अंथरूण धरलं तशी मला बजावत होता, तिला कळवू नकोस, नवी नोकरी आहे तिची.

संगणकवाला: मग?

बाई: हो म्हटलं त्याला, आणि बाहेर येऊन तिला फोन लावला.