तळ तिकडचा, काठ इकडचा

पारखी : ह्या टोपलीवर ही चिठ्ठी कुणी डकवली? ‘स्थानिक, बाजारी’ म्हणे.

धाकटी : तुमच्या संग्रहालयाच्या खालच्या खिडकीतल्या साहेबांनी. दोन मिनिटांत.

पारखी : काठ बघितला असणार. टोपली पालथी घालायची तर कंबर मोडते त्यांची.

थोरला : बरोबरच लिहिलंय की. वेत आपल्याच नदीकाठचा आहे. आईला ही विणताना मी स्वतः बघितलंय, आमच्या स्वयंपाकघरात. चल आता, शेजारणीला आईजवळ तासभरच बसायला सांगितलंय.

धाकटी : दादा, तू जा हवं तर. मी थांबते.

पारखी : आईला काय झालंय?

धाकटी : विसरते. मला मावशी म्हणते, ह्याला तर ओळखतच नाही. रोज दुपारी चपला घालून दारात उभी राहते, ‘मला घरी सोडा’ म्हणते. कुठल्या घरी सोडू? लग्न होऊन आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, त्याच घरात आहे. माहेर कुठलं ते तोंडातून कधी काढलं नाही तिनं. बाबा म्हणायचे, लांबचं, सगळे मेले.

थोरला : म्हणून ही बया टोपली काखोटीला मारून हिंडतेय. टोपली बोलणार म्हणे.

पारखी : हसा खुशाल. ह्या फळ्यांवर तीन हजार टोपल्या आहेत. बेटांवरच्या, वाळवंटातल्या, बर्फाच्या मुलखातल्या. तोंड एकीलाही नाही, पण खोटं बोलायचं कसं ते त्यांना माहीत नाही. माणसांचं तसं नसतं. बाई, तो दिवा जरा अलीकडे घ्या.

(टोपली पालथी होते.)

पारखी : हं. पाच काड्या आडव्या, सहावी मोडून आत खुपसलेली. वीण डावीकडे फिरतेय.

धाकटी : आई डावरी नाही.

पारखी : नसू दे. तिकडे सगळेच डावीकडे फिरवतात. नदी समुद्राला मिळते तिथली गाळाची बेटं. सहावी काडी मोडणारे दुसरे कुणी नाहीत. एक वेळ बापाचं नाव चुकेन, हा तळ चुकणार नाही.

थोरला : आणि काठ? तो तर इथला आहे.

पारखी : तेच खटकतंय. तिकडे पोरींना तळ पाचव्या-सहाव्या वर्षी शिकवतात. काठाला मात्र हात लावू देत नाहीत, बोटं कापली जातात. बारा पुरी झाली की मग काठ. हा कप्पा बघा, सगळ्या पोरींनी विणलेल्या, काठ आयांनी घातलेले. तुमच्या आईनं काठ इथं शिकून घेतलाय.

धाकटी : पण लग्नात ती एकोणीसची होती.

पारखी : लग्नाचं मला ठाऊक नाही. गाव बाराच्या आत सुटलंय.

धाकटी : दादा, खाली काय बघतोस?

थोरला : बाबांनी सांगितलं होतं. जायच्या आदल्या आठवड्यात. आजीनं आणली होती तिला, धुणीभांड्याला. नऊ वर्षांची.

धाकटी : आणि?

थोरला : आणि काय. घरातच वाढली, घरातच बाबांशी लग्न लावून दिलं. परत पाठवायला नको म्हणून.

धाकटी : तिचे सगळे मेले होते ना?

थोरला : बघायला कोण गेलं होतं.

धाकटी : सहा वर्षं गिळून बसलास. ती रोज दारात उभी राहते, आणि तू तिच्या चपला लपवतोस.

थोरला : काय सांगणार होतो तुला? आपल्या आजीनं कुणाची तरी पोर उचलून आणली, हे?

धाकटी : मला नाही रे. तिला सांगायचं होतंस. तुझं बरोबर आहे म्हणून. आपण तिला भ्रमिष्ट म्हणत होतो.

पारखी : बाई, तिथं तिला कुणी ओळखेल अशा भरवशावर जाऊ नका.

धाकटी : ती तरी कुठं कुणाला ओळखते. जायचं कसं?

पारखी : रेल्वेनं शेवटच्या स्टेशनापर्यंत, पुढे होडी. दीड दिवस धरा.

थोरला : एवढा प्रवास तिला झेपायचा नाही.

धाकटी : नऊ वर्षांची होती तेव्हा झेपला होता.

थोरला : तिकिटं मी काढतो.

धाकटी : तीन काढ. तिला खिडकीजवळची जागा बघ.