खिंडीतला पाचवा

ऐका. आधी ते लाकूड आत सारा, आन् म्या बोलायला लागलो की मधनंच कुनी उठायचं न्हाई.

ही गोष्ट आपल्या भोकरखिंडीची. हैबती ढोन्याची. तालुक्याच्या कोर्टात शिपाई व्हता त्यो. काम काय, तर पुकारा करायचा. ज्याचा खटला त्याचं नाव दारात उभं राहून वरडायचं. आवाज असा की बाहेरच्या लिंबावरचे कावळे उडायचे! आन् रोज वकिलांचं ऐकून ऐकून गडी अर्धा वकील झाल्याला. कुनाच्याबी बोलन्यात तोंड घालायचा. खोड वाईट.

एकदा कोर्टातच दिवस मावळला, मोटार चुकली. घरी बायको वाट बघत असंल म्हनून गडी खिंडीनं निघाला. एकटा! थंडी नुसती मी म्हनत व्हती.

खिंडीत शेकोटी दिसली. चौघं बसल्याले. डोईला मुंडासं, मांडीवर कुऱ्हाड. हैबतीला वाटलं, मेंढरंवाले असतील. राम राम घातला, बसला, हात शेकायला पुढं केला. तर आगीला ऊबच न्हाई! पार जाळात हात घातला, तरी गार! ऐकताय न्हवं?

उठाया गेला, तर पाय उठंनात. चौघांतला म्हातारा म्हनला, "भिऊ नगा, पाव्हनं. आमी दरोडेखोर. लई वर्सामागं हितं एक गाडी लुटली आन् पळताना दरीत पडून मेलो. पर नाव ऱ्हायलं बगा. दरोडेखोर!"

आता बगा मानसाची खोड. मेल्याली मानसं म्होरं बसल्याली, तरी जीभ गप बसंना.

"किती जन व्हता?" हैबतीनं इचारलं.

"चौघं."

"मग त्यो दरोडा न्हवं. गुपचूप न्हेली ती चोरी. भ्या दावून डोळ्यादेखत न्हेली ती जबरी चोरी. दरोडा म्हनायला कायद्यानं पाच मानसं लागत्यात."

झालं! चौघांनी एकमेकांकडं बघितलं. मग सावकाश हैबतीकडं बघितलं.

"आन् त्या पाचव्यानं काय करायचं असतं?"

गड्याला सवयच, उत्तर दिऊन बसला. "हात न्हाई लावला तरी चालतंय. संगट उभं राहून बळ दिलं, की त्योबी त्यातलाच."

"मग उठा," म्हातारा म्हनला.

आन् उठला की! मनात न्हवतं, पर पाय उठले. पाय चौघांच्या मागं चालाया लागले. हातात कंदील कुनी दिला, कळलं न्हाई. हात झटकतोय, पर कंदील सुटंना!

तेवढ्यात गाडी आली. तीच, लई वर्सामागं लुटल्याली. बैलांच्या गळ्यात घुंगरं हलत्यात, पर आवाज न्हाई. गाडीवान उडी टाकून पळाला. आत एकटी बाई. चौघांनी भांडी वढली, पैसं वढलं, अंगावरचं दागिनं वढलं. बाईनं मूठ तेवढी उराशी धरली.

"समदं घ्या. एवढे वाळे ऱ्हाऊ द्या. लेकरू गेलं माजं. त्याचं एवढंच ऱ्हायलंय वो!"

हिसकावून घेतले, दुसरं काय! मग ती हैबतीकडं वळली. कंदील त्याच्याच हातात न्हवं का? म्हनली, "दादा, तुमी तरी सांगा की यास्नी."

हैबतीनं तोंड उघडलं. कावळे उडवनारा आवाज त्यो! वारासुदीक भाईर आला न्हाई. नुसता आ वासून उभा. त्याला रडू फुटलं, त्येबी बिनआवाजाचं.

शेकोटीपाशी वाटे झाले. पाच. हैबतीच्या म्होरं ते वाळे टाकले. म्हातारा म्हनला, "उचल वाटा. उचललास की आमच्यातला. मग हितनं जायचं न्हाई."

गड्यानं हात बगलंत खुपसले. तर ती बाई गाडीकडनं फरफटत म्होरं आली, वंजळ पसरून बसली. "उचला की वो दादा. तुमच्या वाट्याचे हायती. उचला आन् मला द्या."

सांगा आता! उचलावं तर कायमचं त्यांच्यात. न उचलावं तर ती समोर बसल्याली. रातभर एकच, "दादा, उचला की." हैबतीनं डोळं मिटलं. कान कसं मिटायचं?

शेवटाला म्हाताऱ्यानं त्याचा हात वढून काढला. एकेक बोट उलगडलं. वाळ्याचा गारठा तळव्याला लागला, आन् तेवढ्यात खालनं दुधाचा टेंपो वर आला! उजेड पडला. चौघं न्हाईत, गाडी न्हाई, कायबी न्हाई. हैबती तेवढा राखंत बसल्याला.

वाचला गडी. तापानं फनफनला, पर वाचला. कोर्टातली चाकरी मातुर सोडली. मला म्हनला, "वाटा घेतला न्हाई, म्हनून वाचलो. पर ती वंजळ पसरून बसली व्हती आन् म्या हात काढला न्हाई."

म्हनून सांगतो, त्या खिंडीनं जाऊ नका. दिवस मावळल्यावर तर मुळीच न्हाई. त्यास्नी अजून पाचवा घावला न्हाई. कुऱ्हाडीचं मला काय वाटत न्हाई, कुऱ्हाड चुकवता येती. ती बाई दादा म्हनती, बाबांनो. आन् आपल्याच्यानं कायबी होत न्हाई.